अण्णांची बादली

शनिवारी सकाळी नऊ चाळीसला विष्णूने घराचं पाणी बंद केलं. बेसिनखालचा गरम पाण्याचा पाइप सोडवला आणि त्याला रबरी नळी जोडली. नळीचं दुसरं टोक बादलीतल्या छोट्या पंपाला. बादलीत कोमट पाणी आणि पाइपात जमलेला क्षार विरघळवणारी डीस्केलरची पावडर, म्हणजे ऍसिडच. पंपाने ते पाइपमधून फिरणार होतं आणि शॉवरकडच्या दुसऱ्या नळीने पुन्हा बादलीत पडणार होतं. खिडकी उघडी होती. हातात मोजे होते.

खाली दारापाशी त्याच्या वडिलांची, अण्णांची, बॅग भरून उभी होती. बर्मिंगहॅमची गाडी सव्वाबाराला. तीन महिने साउथहॅम्प्टनला विष्णूकडे, तीन महिने धाकट्या शशिकांतकडे, असं पुण्याहून निघताना ठरलं होतं. मागच्या वीकेंडला अण्णा शशिकांतकडे दोन दिवस राहून आले आणि सहाव्या आठवड्यातच त्यांनी बॅग भरली. कारण एकच सांगितलं. इथे आंघोळीची बादली भरायला वीस मिनिटं लागतात, शशीकडे दोन.

पंप सुरू झाला. परतीच्या नळीतून आधी फेस आला, मागोमाग पांढरट गढूळ पाणी.

"बघा," विष्णू म्हणाला. "इथलं पाणी खडूच्या दगडातून येतं. त्याचं वेल्सच्या डोंगरातून, मऊ. त्यात शशीचं कर्तृत्व काय?"

"मी कुठे म्हटलं कर्तृत्व आहे?" अण्णा बाथरूमच्या दारात उभे होते. "त्याच्याकडे चहावर तवंग येत नाही, एवढंच म्हटलं."

"तिथून आल्यापासून नऊ वेळा म्हटलंत."

"तू मोजलंस?"

"मोजलं."

विष्णूची बायको मीनल धुतलेले कपडे घेऊन चालली होती, ती थांबली. "अण्णा, शॉवर नुसता टपकतो म्हणून पाच वर्षं मी ओरडतेय. तेव्हा याला ऍसिड मिळत नव्हतं."

"तू कुठे बर्मिंगहॅमला निघाली होतीस?" विष्णू म्हणाला.

"बॅग भरली की काम होतं हे माहीत असतं, तर निघाले असते."

अण्णांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून बघितला. शशिकांतने व्हिडिओ पाठवला होता. त्यात माणूस नव्हता, फक्त त्याच्या बाथरूममधला शॉवर, पूर्ण सोडलेला. खाली लिहिलं होतं, 'अण्णा, वाट बघतोय.' अण्णांनी तो दोनदा लावला. दोन्ही वेळा पाण्याचा आवाज विष्णूला नीट ऐकू आला.

फोन खिशात ठेवताना अण्णांची नजर खाली गेली.

"विष्णू, ही माझी आंघोळीची बादली."

विष्णूने बघितलं. निळी बादली. घरात दुसरी नव्हती. अण्णा यायच्या आदल्या दिवशी तीन दुकानं फिरून त्यानेच ती आणली होती.

"धुतो मी. चार वेळा धुतो."

"ऍसिडची बादली मी अंगावर घेऊ? राहू दे. आंघोळ शशीकडेच करतो."

अण्णा खोलीत गेले. कपाटाचं दार वाजलं. घालायला कोट बाहेर काढला असावा.

"नवी आणतो!" विष्णू तिथूनच ओरडला. "गाडी काय, दर तासाला आहे. अर्ध्या तासात धार येईल, अण्णा."

जरा वेळाने अण्णा मीनलला म्हणाले, "पंचा बॅगेत गेलाय का गं?"

"काढून देते," मीनल म्हणाली.

अकराला फेस थांबला. नळीतून नुसतं पाणी पडत होतं. विष्णूने पावडरचा डबा फिरवून पुन्हा वाचला. फेस थांबला म्हणजे पाइप साफ झाला असं धरू नये, ऍसिडही संपलेलं असू शकतं. आणखी एक चमचा टाकून बघावं, फेस आला तर आत क्षार अजून बाकी आहे.

"झालं का रे?" अण्णांनी विचारलं. ते पलंगाच्या कडेवर बसले होते. अंगात कोट होता, मांडीवर पंचा.

विष्णूने एक चमचा टाकला आणि नळीच्या टोकाकडे बघत राहिला. काही क्षण नुसतं पाणी आलं.

मग पुन्हा फेस आला, सकाळी आला होता तेवढाच.