बदामाचे चार खड्डे

परळच्या बंद गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि त्याच्या बागेत भिकाजी आणि महादेव हे दोघे जुने विणकर माळी म्हणून लागले. सोमवारी सुपरवायझरने महादेवला काढून टाकलं. मंगळवारी त्याने भिकाजीसमोर बदामाची चार रोपं ठेवली.

"काका, चारही खड्डे तयार आहेत. आजच्या आज लावून टाका. आणि आता अख्खी बाग तुम्हीच बघायची."

संध्याकाळी तो बघायला आला, तर दोनच रोपं लावलेली होती. त्यांना आळी करून पाणीही घातलं होतं. उरलेली दोन पिशवीतच होती.

"दोनच का?"

भिकाजीने हाताची माती झटकली. "ह्याच जागेवर माझे साचे होते, कापड विणायचे माग. एका विणकराला दोन साचे. शेट म्हणाला, तू चार चालव. म्हणजे बाजूच्या साच्यावरचा महादेव घरी. मी नाय चालवले."

सुपरवायझर हसला. "मग काय झालं? संपात गिरणीच गेली ना तुमची!"

"गेली ना."

भिकाजी तिसऱ्या, रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि सावकाश तंबाखू मळायला लागला.

"गिरणी गेली, पण चार नाय चालवले. जा, महादेवला बोलव."