अठरा वर्षांचा ग्लोव्ह

विद्यापीठाच्या मुलींचा बेसबॉल संघ अठरा वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, ग्लोव्ह पहिल्या वर्षीचाच, दरवर्षी टाके घालून टिकवलेला. "जिंकेल तिनं यात नाव लिहायचं," म्हणत प्रशिक्षक हेमराज सरांनी तेव्हाच खिशात पेन ठेवला होता. आज पुलगावच्या मैदानावर एका धावेची आघाडी होती. शेवटची खेळाडू बाद करायची होती. सरपटत आलेला चेंडू पिचर मयुरीच्या ग्लोव्हमध्ये शिरला आणि टाक्यांत अडकला. बॅटवाली मुलगी पहिल्या बेसकडे सुसाट निघाली; तिच्याआधी चेंडू तिथं पोचला तरच ती बाद. "फेक ना व!" बेसवरून अंजू ओरडली. "निघून नाई राह्यला!" मयुरीनं ग्लोव्हच उपसून चेंडूसकट फेकला. अंजूनं तो कवटाळला. हे नियमात बसतं का? पंचांनी आत डोकावून मूठ उंचावली. "आउट!" सरांनी पेन पुढे केला. मयुरीनं ग्लोव्हमध्ये दोनदा घासला. "सर, हा तं वाळून गेला."