शोभेल अशी भूमिका

"फोटो," अंकुश म्हणाला. "भिंतीवरचा, हार घातलेला. त्याले काहीच करा लागत नाही."

रितिका फिसकन हसली. "नाही बे, पोस्टाची पेटी. नुसतं तोंड उघडं ठेवून उभं राहायचं."

मेघाने दोन्ही सूचना फेटाळल्या. पेटीत लोक निदान विश्वासाने काही टाकतात, असं तिचं म्हणणं पडलं.

हुडकेश्वरातल्या शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर, रिकाम्या हॉलच्या एका टोकाला ही तिघं बसली होती. ज्यांच्यासाठी भूमिका शोधणं चाललं होतं, ते प्रेमानंद रामटेके दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून त्यांच्याकडेच बघत होते. मधे लोखंडी कूलर गरजत होता. मे महिन्यातला नागपूरचा कूलर सुरू असला, की चार हातांवरचं बोलणं पोचत नाही. म्हणून मान वळवण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

रामटेके बारा वर्षं एका मालिकेत तात्यासाहेब होते. दार उघडायचं, थबकायचं, प्रत्येक सुनेकडे एकेकदा वळून बघायचं. यालाच घराघरांत अभिनय म्हणत होते. त्याआधी ते मुंबईत डबिंग करायचे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ बघून त्यावर आपला आवाज बसवायचा. म्हणजे आधी दुसऱ्याच्या तोंडात बोलले, मग दुसऱ्याने वाचून दिलेलं बोलले, असा मेघाचा निष्कर्ष होता. ती भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती आणि पुराव्याशिवाय कुणाला नावं ठेवत नव्हती.

मालिका सोडून हे गृहस्थ आता इथून जवळच, बेसा गावात राहत होते. मेघाच्या नाटकात म्हातारा करणारे गोपाळराव जिन्यावरून पडले, स्पर्धा महिन्यावर आली, आणि हे कळताच रामटेक्यांनी स्वतः मेसेज करून काम मागितलं होतं. "एकदा स्टेजवर उभं राहायचं आहे. पहिलं न् शेवटचं समजा," असं लिहिलं होतं. त्यांना घ्यायचं की नाही, ते आज ठरायचं होतं.

सकाळच्या वाचनात पुरावा भरपूर जमला होता. समोरच्याचं वाक्य संपलं तरी हे क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहात, मगच बोलत. जणू कॅमेरा जवळ यायची वाट बघतायत. दुसऱ्यांच्या वाक्यांवर यांचे ओठ हलत होते, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलांसारखे. आणि जिथे मुलगा बापाकडे पाठ करून "मी घर विकलं" म्हणतो, त्या नाटकातल्या सगळ्यात मोठ्या जागी अंकुशने पाठ फिरवून वाक्य टाकलं, तर म्हातारा नुसता उभा. बापाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"ते वाक्य ऐकून दगडही रडला असता," अंकुश म्हणाला. "आणि हा पाहून राहिला माझ्या शर्टाच्या कॉलरकडे!"

"मग दगडी खांबच करू त्याले," रितिका म्हणाली. "देवळातला."

मेघा आता रंगात आली होती. कूलरच्या वर आवाज चढवून ती म्हणाली, "खांब कसा चालेल? खांबाला..."

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला.

"...भार पेलावा लागतो! याला प्रेत करा!"

वाक्य रिकाम्या हॉलभर घुमलं. अंकुशने जीभ चावली. रितिका बाटलीचं झाकण उगाच फिरवत बसली. बंद पडलेल्या कूलरकडे तिघांच्याही माना वळल्या होत्या. रामटेके मात्र जसे होते तसे बसून होते, त्यांच्याकडे बघत, चेहऱ्यावर तेच मंद, मालिकेतलं हसू.

मेघाला आधी हायसं वाटलं, मग किळस आली. या माणसाला अपमान कळायलासुद्धा मागे संगीत वाजावं लागतं!

तिने निर्णय घेतला. तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून ती खिडकीशी गेली, त्यांच्याकडे पाठ करून पडदा सारत म्हणाली, "सर, तुम्ही आज निघा. आम्हाला वेगळा माणूस हवाय."

उत्तर आलं नाही. खुर्ची हललीही नाही.

"सर, तुमचं काम आम्हाला नको आहे!"

पुन्हा काही नाही. कोडगेपणालाही काही मर्यादा असते. मेघा चिडून वळली, तेव्हा तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून काहीतरी ओळखून रामटेके उठून जवळ येत होते. येताना त्यांनी संहिता टेबलावर ठेवली. सकाळपासून ती त्यांनी एकदाही उघडली नव्हती, हे मेघाला आत्ता आठवलं.

"तिकडं पाहून काही म्हटलं का वं पोरी? पुन्हा सांग."

"तुम्ही... निघा... म्हटलं!" ती एकेक शब्द तोडून ओरडली.

"ओरडू नको. ओरडून उपयोग नाही. चार वर्षं झाले, मले काहीच ऐकू येत नाही." ते तिच्या ओठांकडे बघत होते. "मालिकेत वाक्य ऐन वेळी कॅमेऱ्यामागून वाचून देतात. ते ऐकू येईना, म्हणून सोडलं. नाटकाचं बरं असते. सगळ्यांचंच पाठ करून टाकलं मी. फक्त सकाळी ह्या पोरानं पाठ फिरवली अन् मी फसलो."

मेघाने नकळत हात ओठांवर नेला.

"हात काढ," रामटेके हळूच म्हणाले. "जायचं असलं तर जातो मी. ठेवायचं असलं तर एकच करा, बोलताना तोंड माझ्याकडं ठेवत जा. मघापासून हसताना ठेवलं होतं, तसं."