स्वतःच्या शब्दांत

“नुसतं ‘हो, केलं’ म्हणून भागत नाही,” मिस हॅलोरन म्हणाली. “हे जजसाहेब खोदून विचारतात. काय केलंत, कसं केलंत, स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं. मागच्या आठवड्यात एक जण अडखळला, तर त्याची कबुलीच नाकारली. गेला परत कोठडीत.”

“पण मी त्या घरात पाऊलच टाकलं नव्हतं, मॅडम. जे केलंच नाही ते सांगू कसं?”

मिस हॅलोरन सरकारने दिलेली वकील. दमलेली होती. दाराबाहेर तिची आणखी अशिलं ताटकळत होती.

“मग खटला लढवू या. पुढच्या वर्षी तारीख लागेल. मिसेस टिडवेलच्या मागच्या दारातून पळताना तुम्हालाच पाहिलं, असं शेजारीण शपथेवर सांगेल. ज्यूरीला ते पटलं तर वीस वर्षं. आज कबूल केलंत, तर भोगली तेवढी शिक्षा पुरे. संध्याकाळी घरी जेवाल. तुम्ही ठरवा.”

घरी. जामिनाची ऐपत नव्हती म्हणून कॉर्डेल ईस्टरपासून काउंटीच्या तुरुंगात सडत होता. मी चोर नाही, हे एकच पालुपद त्याने लावून धरलं होतं, आणि ते ऐकायला एक आई सोडली तर कुणाला वेळ नव्हता. अर्धांगाच्या झटक्याने आईचा, मोझेलचा, डावा हात लुळा पडल्यापासून तिचं सगळं तोच बघायचा. किल्ली हवी, चष्मा हवा, गोळी हवी, की ती नुसती पर्स त्याच्यापुढे धरायची. आता ती पर्स चर्चमधली मैत्रीण सिस्टर अर्नेस्टीन उघडायची आणि आत काय काय सापडलं ते रविवारी चारचौघींत सांगायची. मोझेलही त्या चारचौघींना ठणकावून सांगायची, “माझा कॉर्डेल न विचारता पेपरमिंटची गोळीसुद्धा घ्यायचा नाही.”

मागच्या भेटीत काचेपलीकडून ती म्हणाली होती, “खोटं बोलून घरी येऊ नकोस, बाळा. मी थांबेन.” थांबेन म्हणणारीचे गाल पार बसले होते.

“घडलं काय होतं, ते तरी दाखवा,” कॉर्डेल म्हणाला.

तिने पोलिसांचा कागद पुढे सरकवला. मागच्या दाराची काच फोडली, आत हात घालून कडी काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावरची पर्स उचलली. त्याने ते शाळेतल्या पोरासारखं घोकलं.

कोर्टात आई अर्नेस्टीनबरोबर पहिल्याच बाकावर होती. मांडीवर पर्स. त्याला बेड्यांत बघून तिने मान ताठ केली.

“कबुलीसाठी तुम्हाला कुणी धमकी दिली? काही आमिष दाखवलं?” जजसाहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब.” वीस वर्षं ही धमकी नसते आणि घर हे आमिष नसतं, एवढं एव्हाना त्याला कळायला लागलं होतं.

मग त्याने घोकलेलं म्हणून दाखवलं. काच, कडी, टेबल. जजसाहेबांनी चष्मा काढला.

“हे तर पोलिसांनीच लिहिलंय. तुम्ही सांगा. पर्स कशी होती? आत काय होतं?”

मिस हॅलोरनचं पेन थांबलं. कॉर्डेलची नजर पहिल्या बाकाकडे गेली.

“तपकिरी होती, साहेब. चाप ढिला. आत चष्मा होता, दांडीला चिकटपट्टी लावलेला. रुमालात बांधलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. किल्लीला लाल रिबीन.” आता त्याला अडावं लागत नव्हतं. “आणि पैसे अस्तराच्या आत होते. कोपऱ्यातली शिवण उसवलेली होती, तिथून बोटं घालून काढले. म्हाताऱ्या बायकांना वाटतं, ती जागा कुणाला ठाऊक नसते.”

विरुद्ध बाजूच्या सरकारी वकिलाने कागद पडताळायचेही कष्ट घेतले नाहीत. जजसाहेब समाधानाने मागे टेकले आणि त्यांनी कबुली मान्य केली.

“फार छान सांगितलंत,” मिस हॅलोरन पुटपुटली आणि पुढच्या अशिलाची फाइल काढली.

अर्नेस्टीनने दोघांना गाडीतून घरी सोडलं. एरवी जिची टकळी थांबत नसे, ती वाटभर गप्प होती. गाडी वळून गेल्यावर कॉर्डेल ओसरीच्या पायऱ्या चढता चढता हसला. तुरुंगातून सुटल्यापासून हे त्याला कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

“आई, ओळखलीस ना? ती तुझीच पर्स होती. समोर दिसत होती, सांगत सुटलो झालं!”

“ओळखली की.” मोझेल कठड्याला धरून उभी राहिली. “अस्तरातले पैसे तुला कधी सापडले?”

“तुझ्या गोळ्या शोधताना. केव्हाच. पण हात नाही लावला, आई.”

“हं.”

सवयीने त्याने पर्ससाठी हात पुढे केला. मोझेलने त्याच्याकडे पाठ केली. पर्स पोटाने दारावर दाबून धरली आणि चालत्या हाताने ती किल्ली चाचपू लागली. चाप सुटला, रुमाल खाली पडला, पेपरमिंटच्या गोळ्या ओसरीभर घरंगळल्या. तो उचलायला वाकला.

“राहू दे,” ती म्हणाली. “माझ्या मी उचलीन.”