प्रशिक्षकाचे नाव

सोसायटीत कुत्रं पाळायला बंदी होती. सूट फक्त मदतनीस प्राण्याला. पती देवमन वारल्यापासून एकट्या राहणाऱ्या, ठार बहिऱ्या मनकर्णाबाईंनी आपल्या गावठी भुऱ्यासाठी तीच सूट मागितली. का, तर म्हणे तो कुकरच्या शिट्ट्या मोजतो! अख्ख्या अकोल्यात एवढी मोठी थाप कोणी मारली नसेल, असं म्हणत सेक्रेटरी सहदेवभाऊ अर्ज घेऊन तपासणीला आले.

बाईंनी वरणाचा कुकर चढवला आणि पाठ करून पोळ्या लाटायला बसल्या. भुऱ्या खिडकीजवळच्या खुर्चीवर लोळत होता. पहिली शिट्टी झाली, त्याने नुसता कान हलवला. दुसरी झाली, तरी तो पडूनच. तिसरी झाली तसा खाली उतरला आणि पदर दातांत धरून बाईंना ओढत गॅसपाशी घेऊन आला.

सहदेवभाऊंनी अर्जातल्या ‘प्रशिक्षकाचे नाव’ या रकान्यावर बोट ठेवलं.

“कोणी नाई शिकवलं, भाऊ,” गॅस बंद करत बाई म्हणाल्या. “आमचे हे त्याच खुर्चीवर बसत. तीन शिट्ट्या झाल्या की मले तीन बोटं दाखवत, अन् उठून गॅस बंद करत. हे गेल्यावर पयल्यांदा कुकर चढवला, तर हा उठला.”

भुऱ्या परत खुर्चीवर जाऊन बसला होता. सहदेवभाऊंनी एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी पेन काढलं आणि रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: कालकथित देवमन.