बुडालेल्या घराचा तवा

यंदा उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं, तेव्हा भिगवणजवळच्या बुडालेल्या घराच्या जोत्यावरून शकुबाईनं आपल्या मातीच्या तव्याचा तुकडा उचलून आणला. घर गेलं, पुढं नवराही गेला. खूण म्हणून एवढंच खापर उरलं. तिची नात उत्कर्षा बारामतीच्या कॉलेजात, तापवल्यावर माती कशी बदलते ते शिकत होती. "आज्जी, इतक्या वर्षांत ह्यानं किती पाणी प्यालंय, ते तापवून, वजन करून सांगते तुला," म्हणत ती आजीला प्रयोगशाळेत घेऊन आली. दुपारी भट्टीचं दार उघडलं. उत्कर्षानं लांब चिमट्यानं तो लालसर तुकडा विटेवर ठेवला. आता निवला की वजन करायचं, तोवर ओल लागू द्यायची नाही. शकुबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवली आणि भाकरी टाकण्याआधी तव्यावर शिंपडावं तसं पाणी शिंपडलं. चर्र झालं. वाफ तिच्या तोंडावरून वर गेली, डोळे मिटले आणि रिकामे तळहात भाकरी थापू लागले. सकाळपासूनचा प्रयोग वाया गेला होता. उत्कर्षानं तुकडा हलकेच परत भट्टीत ठेवला. "आच किती ठेवू, आज्जी?" डोळे न उघडता शकुबाई म्हणाली, "बारीक ठिव. तुझं आजोबा रानातनं निघालं असत्याल."