समोरची बाजू

सुनावणीत कृपादान गुरुजींचा नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला वीस मिनिटं उरली होती. आत नगररचनेच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. टेबलभर विकास आराखड्याचा नकाशा पसरलेला. त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून एका टोकावर स्टेपलर आणि दुसऱ्यावर जेवणाचा डबा ठेवलेला. त्यांनी गुरुजींना आणि त्यांच्या सुनेला, आराधनाला, बसायला सांगितलं. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं.

गुरुजींनी चार पानी हरकत लिहून आणली होती. बाईंनी ती एकही ओळ न गाळता वाचली. मग पेनाचं टोक नकाशावर टेकवलं. राहुरी रस्त्याकडून येणारा नवा अठरा मीटरचा रस्ता कॉलनीत शिरून जिथं वळत होता, तिथं गुरुजींचं घर होतं. नकाशावर घर नव्हतं. नुसता पिवळा पट्टा होता.

रस्ता रद्द होणार नाही, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. मागच्या वसाहतींना दुसरी वाट नव्हती, आग लागली तर बंबसुद्धा आत जात नव्हता. हे गुरुजींना माहीत होतं आणि त्यांनी ते कबूलही केलं. त्यांनी एवढंच विचारलं, की घराचा पुढचा भाग जाणार की सगळंच. बाईंनी पट्टी लावून मोजलं. मागचं न्हाणीघर आणि अर्धा जिना राहत होता.

दुसरा काहीच मार्ग नाही का, असं आराधनाने विचारलं. बाईंनी पट्टी पुन्हा एकदा नकाशावर फिरवली.

"वळण पूर्वेला तीस फूट सरकवता येईल. समोर पत्र्याच्या दोनच खोल्या आहेत. त्या धारकाची लेखी संमती आणलीत, तर मी शिफारस करते. पण आज शेवटचा दिवस आहे."

त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढून दिला. वर बदलाची सूचना करणाऱ्याची सही, खाली संमती देणाऱ्याची सही किंवा अंगठा. जेवणानंतर या, म्हणाल्या.

त्या दोन खोल्या राहीबाईंच्या होत्या. आणि राहीबाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसल्या होत्या. सकाळी गुरुजी कचेरीत निघालेले दिसले, तशी त्यांनी भाजीची पाटी घरात सारली आणि न विचारता रिक्षात येऊन बसल्या. अशा वेळी शेजारपाजारचं कुणी सोबत नको का, असं त्यांचं म्हणणं होतं.

दाराबाहेर येताच आराधना हळू आवाजात बोलू लागली. राहीबाईंना दुसरीकडे जागा मिळेल, आपणही त्यांच्यासाठी खटपट करू, दोन खोल्या काय, कुठंही उभ्या राहतील. बोलता बोलता तिच्याच कानाला ते बरं लागेना. ती थांबली.

"काय म्हनल्या बाई?" राहीबाईंनी विचारलं.

बघू म्हणाल्या, असं गुरुजींनी सांगितलं. पण राहीबाईंचं लक्ष त्यांच्या हातातल्या कागदाकडे गेलं होतं. ह्याच्यावर कुणाची सही लागते का, असं त्यांनी विचारलं. गुरुजी कागद उलटसुलट करत राहिले. समोरच्या घरवाल्यांची लागते, असं शेवटी आराधनाने सांगितलं.

"मंग समोर मीच हाय की," राहीबाई म्हणाल्या. "सही येत न्हाई, पर अंगठा लावते. सांगा कुठं."

त्यांनी पदराला अंगठा पुसला आणि पुढे केला. भाजी निवडून निवडून तो काळा पडलेला होता. आराधनाने शिपायाच्या टेबलावरचा शाईचा पॅड आणला आणि उघडून हातात धरला. ती सासऱ्यांकडे बघत नव्हती.

वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, असं गुरुजी आयुष्यभर बायाबापड्यांना सांगत आले होते. त्यांनी कागद वाचायला घेतला. 'उक्त मिळकतधारकाची सदर फेरबदलास हरकत नसून' इथवर वाचलं. राहीबाई प्रत्येक शब्दाला मान डोलावत होत्या. गुरुजींनी कागद खाली केला.

"राहीबाई, ह्याच्यावर अंगठा दिला, तर रस्ता तुमच्या खोल्यांवरून जाईल. नाही दिला, तर आमच्या घरावरून."

राहीबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी एकदा गुरुजींकडे बघितलं, एकदा आराधनाकडे. मग हात सावकाश पदराखाली घेतला.

"गुर्जी, मला कुठं दुसरं..." एवढंच त्या म्हणाल्या. त्या उठून बाकड्याच्या पार टोकाला जाऊन बसल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या. आराधनाने पॅडचं झाकण लावलं.

दुपारी गुरुजी एकटेच आत गेले. बाईंनी सहीविना राहिलेला कागद परत घेतला. संमती मिळाली नाही का, असं विचारलं. गुरुजी नाही म्हणाले. मग निदान वळण सरकवण्याची सूचना तरी लिहून द्या, असं बाईंनी सुचवलं. गुरुजींनी त्यालाही नकारार्थी मान हलवली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनाही वाईट वाटल्यासारखं दिसलं. बाहेर पुढच्या नंबरचा पुकारा झाला, तेव्हा त्यांनी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली आणि ते गुरुजींकडे फिरवलं.

"इथं सही करा, सर."

'फेरबदलाबाबत अर्जदाराचे काही म्हणणे नाही.'

गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्यांनी खाली सही केली.